मित्र म्हणतो, श्रद्धा ही कुबडी आहे

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला, वय 29. जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मागच्या कार्तिकात माझा धाकटा भाऊ गेला. केळीला पाणी भरायला रात्री विहिरीवर गेला आणि मोटर चालू करताना शॉक बसला. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीच येत होती. 24 वर्षांचा होता. त्या रात्री खरं तर मी गावी येणार होतो.

कॉलेजपासून माझी ऊठबस विवेकवादी मित्रांमध्ये. देव मी मानत नाही. भावाच्या दहाव्याला-तेराव्याला आईसाठी नुसता उभा राहिलो. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांसाठी भरतात तशी आईनं त्याच्या नावानं घागर भरली, तेव्हा मी उठून मळ्यात निघून गेलो.

कारखान्यात नवापूरकडची एक ख्रिस्ती ताई माझ्यासोबत काम करते. तिनं मला एकदा रविवारच्या उपासनेला नेलं. तिथं लोकांनी माझ्या भावाचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि तो गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो. आता दर रविवारी जातो. पाळक म्हणतात, देवाशिवाय आयुष्याला अर्थ नाही, सगळं व्यर्थ आहे. तिथंच एक जण म्हणाला, देवाला तो हवा होता म्हणून नेला. माझा जिवलग मित्र, जो पोस्टमॉर्टेमच्या रात्री माझ्यासोबत सिव्हिलमध्ये बसून होता, तो म्हणतो, 'श्रद्धा ही कुबडी आहे. तू दुःखात आहेस म्हणून त्यांना सापडलास.' आई विचारते, 'आते तू बी बाटशी का रे?' मला रात्री झोप येत नाही. जगण्याला अर्थ येतो कुठून? यांच्यापैकी कोण खरं?

ताईंचं उत्तर

भाऊ,

माझं माप कुणीकडे झुकतं ते आधी सांगते. मी ख्रिस्ती आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढले, पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. पुढचं सगळं हे लक्षात ठेवूनच वाच. पण सुरुवात पाळकांच्या वाक्यापासून करते, कारण ते मला मान्य नाही.

देवाशिवाय आयुष्याला अर्थ नाही, हे म्हणायला सोपं आहे. पण आजूबाजूला नीट पाहिलं तर ते खोटं ठरतं. तुझ्या मित्राचंच घे. सिव्हिलच्या ओट्यावर रात्रभर तुझ्याजवळ बसलेल्या माणसाला, तुझ्या जगण्यात काही अर्थ नाही, असं पाळक तोंडावर सांगू शकतील का? भगतसिंग 1930 साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, आपण नास्तिक का आहोत ते लिहीत होता. मरणाच्या भीतीनं देवापुढे हात जोडणं त्याला कमीपणाचं वाटलं. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी वाईला शास्त्रं शिकले, तर्कतीर्थ झाले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासोबत मानवतावादी झाले आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी उभं केलं. तिकडे फ्रान्समध्ये आल्बेर काम्यू या लेखकानं 1942 मध्ये लिहिलं की माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं. त्या गप्पपणाकडे पाठ न फिरवता जगायचं. त्या वेळी त्याच्या देशात जर्मन फौजा होत्या. जग गप्प आहे म्हणणारा हाच माणूस त्या राजवटीविरुद्ध गुप्तपणे निघणाऱ्या वृत्तपत्राचा संपादक झाला, जिवाचा धोका पत्करून. या माणसांचं जगणं रिकामं होतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्याकडे न पाहता बोलणं.

आणि 'व्यर्थ' हा शब्द पाळकांनी आणला तो आमच्याच शास्त्रातून. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, उपदेशकाचं पुस्तक आहे. त्यात देवाला मानणारा माणूसच म्हणतो की शहाणा मरतो तसा मूर्खही मरतो, माणूस मरतो तसं जनावरही मरतं, सगळं व्यर्थ. ते पुस्तक आमच्या पूर्वजांनी शास्त्रातून काढून टाकलं नाही, याचा मला फार आधार वाटतो. देव मानला की हे वाटणं थांबतं, असं तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आता तुझ्या मित्राचं. तू दुःखात असताना तिथं गेलास, हे खरंच आहे. त्यावरून तिथं जे सांगितलं जातं ते खोटं ठरत नाही. खरंही ठरत नाही. माणूस दुःखात असताना डॉक्टरकडे जातो, सावकाराकडे जातो, दारूच्या दुकानातही जातो. गेल्याचं कारण एकच असलं तरी या तिघांकडे मिळतं ते वेगवेगळंच. मित्राला तुझी काळजी आहे. ती तू समजून घे, त्याच्यावर रागावू नकोस. पण तो आणि पाळक दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत: देव मानल्यानं किंवा न मानल्यानं तुझं काय होईल. एक म्हणतो तुला अर्थ मिळेल, दुसरा म्हणतो तू पांगळा होशील. मुळात आहे काय, याबद्दल दोघंही गप्प. तू मात्र पत्राच्या शेवटी नेमकं तेच विचारलंस, कोण खरं? हा तुझा प्रश्न त्या दोघांच्या बोलण्यापेक्षा मोठा आहे, आणि दिलाशाच्या बदल्यात तू तो सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

म्हणून अर्थ हा शब्द जरा बाजूला ठेवू. तुझ्या भावाच्या मरणाबद्दल दोन्हीकडे काय म्हणतात ते पाहू.

देव न मानणारा प्रामाणिक माणूस म्हणेल की या मरणामागे कुणाचा हेतू नव्हता. रात्रीची वीज, अंधार, ओली जमीन आणि कुठंतरी उघडी पडलेली तार, इतकंच. हे ऐकायला कठोर आहे, पण त्यात एक मोठी सचोटी आहे. मागच्या जन्मीचं पाप, ग्रहदशा, देवाचा कोप यातलं काही तो मेलेल्याच्या माथी मारत नाही. आणि हेतू नव्हता म्हटल्यावर उरतात ती कारणं, आणि कारणांवर इलाज असतो. स्टार्टरची पेटी बदलता येते, अर्थिंग नीट करता येतं, शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून भांडता येतं. आपल्या भागातली माणसं थंडीत मध्यरात्री उठून मोटर लावायला जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत, हे विधिलिखित नाही. तुझ्या मित्राच्या विचाराची ताकद इथं आहे आणि मला तिचा आदर आहे. तुमच्या विहिरीवरचं अर्थिंग अजून झालं नसेल तर कुठल्याही तत्त्वज्ञानाची वाट न पाहता या आठवड्यात करून घे. शेजारच्या विहिरींवरचंही बघ.

ख्रिस्ती श्रद्धा काय म्हणते? ती काय म्हणत नाही, ते आधी. 'देवाला तो हवा होता म्हणून नेला' हे तुला ज्यानं सांगितलं त्यानं चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण ते आमच्या शुभवर्तमानात, म्हणजे मार्क, लूक, योहान वगैरेंनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत, नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात एका अपघाताची गोष्ट निघते. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो, पण बुरूज का पडला याचं कारण देत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात त्याचा मित्र लाजर मरतो. थडग्यापाशी गेल्यावर येशू रडतो. त्याला मरणातून उठवायला आलेला असूनही रडतो. मरण चांगलं असतं, देवाची योजना म्हणून गोड मानून घ्यायचं असतं, तर रडायचं काय कारण होतं? आणि वधस्तंभावर तो स्वतः ओरडतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याला उत्तर येत नाही. मार्कानं ते तसंच लिहून ठेवलंय. काम्यूचं गप्प जग आणि मार्काचं हे गप्प आकाश एकमेकांपासून फार लांब नाहीत.

फरक त्याच्या पुढे सुरू होतो. रोमन सुभेदार पिलातानं ज्याला मारलं तो मेलेला राहिला नाही, देवानं त्याला उठवलं, असं ख्रिस्ती माणूस म्हणतो. हे जगण्याचं तत्त्वज्ञान नाही, घडलेल्या गोष्टीबद्दलचा दावा आहे. पौल या प्रेषितानं इसवी सन 55 च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, आणि सगळ्या माणसांत आमचीच दशा जास्त कीव करण्यासारखी आहे. म्हणजे दिलासा मिळतो म्हणून हे धरून ठेवा, अशी सवलत पौलच देत नाही. खोटं असेल तर टाकून द्या, म्हणतो. कुबडीचा आरोप यापेक्षा कडक शब्दांत कुणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि तो आमच्याच प्रेषितानं केलाय.

हे सिद्ध करून दाखवता येतं का? नाही. इतिहासकार इतकं सांगू शकतो की येशू वधस्तंभावर मेला, आणि तो आपल्याला जिवंत दिसला असं त्याचे शिष्य फार लवकर सांगू लागले. त्यातल्या काहींनी त्यासाठी जीवही दिला. त्यांना जे दिसलं ते काय होतं, इथं इतिहासाचं काम संपतं. तुझा मित्र म्हणेल, दुःखात माणसाला गेलेला माणूस दिसतो. असं होतं खरं. तुलाही भाऊ स्वप्नात दिसत असेल. मी मात्र मानते की ते तेवढंच नव्हतं. का मानते याचा एक भाग वाचन आहे, एक भाग प्रार्थना, आणि एक भाग असा की ज्या माणसांनी मला हे शिकवलं त्यांचं वागणं मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तुला ते पुरेसं वाटावं अशी माझी अपेक्षा नाही. तू स्वतः वाच. मार्काचं शुभवर्तमान सगळ्यांत छोटं आहे, सोळा अध्याय, एका बैठकीत होतं. उपासनेत ऐकलेल्या सुट्या ओळींवर ठरवू नकोस.

आता तुझ्या पत्रातल्या त्या एका वाक्यावर येते, जे लिहून तू लगेच पुढे गेलास. 'त्या रात्री खरं तर मी गावी येणार होतो.' माझ्या मते तुझी झोप गेली ती काम्यूमुळेही नाही आणि पाळकांमुळेही नाही, या वाक्यामुळे गेली. घागर भरताना तू उठून गेलास तेव्हाही तत्त्व राखत होतास की तिथं बसवत नव्हतं?

इथं दोन्हीकडचं तपासून बघ. मित्र म्हणेल, तुझा दोष नाही, तू विहिरीवर गेला असतास तर कदाचित तुझाच जीव गेला असता. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे. तरीही तुला ते लागू पडत नाही, कारण निर्दोष असल्याचा दाखला तुला नकोच आहे. तुला भावाशी बोलायचंय. माझ्याऐवजी तू गेलास, हे त्याला सांगायचंय आणि त्याच्या तोंडून काहीतरी ऐकायचंय. देव न मानणाऱ्याला इथं प्रामाणिकपणे थांबावं लागतं. ज्याच्याशी बोलायचं तो नाही, म्हणून ते बोलणं अपुरंच राहणार. ते अपुरेपण घेऊन सरळ उभं राहणं हाच त्याचा मोठेपणा. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो संबंध संपलेला नाही, मेलेले ज्याच्या हातात आहेत त्याच्याशी तुला आज बोलता येतं. माझ्या मते दोन्ही विचारांचा खरा काटा इथं आहे. जगण्याला अर्थ दोघंही देतात. गेलेल्या माणसाशी असलेलं आपलं नातं चालू आहे की मिटलं, यावर मात्र त्यांचं एकमत होणं शक्य नाही.

गंमत अशी की या एका बाबतीत तुझी आई माझ्या बाजूला आहे. घागर, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आपला मुलगा नाहीसा झाला हे तिला कबूल नाही. तू विवेकवाद आणि येशू असे दोनच पर्याय मोजलेस आणि आईचा मोजायचा राहून गेला. घागर मानायची की नाही ते तू ठरव. पण आईजवळ बसण्यासाठी ती मानावी लागत नाही. मित्राचंही याबद्दल काही म्हणणं असू नये.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. इतके महिने झोप नाही म्हणजे मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवायला हवं. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर मोफत आहे, मराठीत बोलतात. व्हिक्टर फ्रँकल हा व्हिएन्नाचा डॉक्टर नाझींच्या छळछावण्यांतून वाचला. आईवडील, भाऊ, बायको सगळे त्यात गेले. तो म्हणे, आयुष्याचा अर्थ काय असं आपण विचारत बसतो, पण खरं तर आयुष्यच आपल्याला विचारत असतं, आता तू काय करणार? त्याची उपचारपद्धत देव मानणाऱ्याला चालते, न मानणाऱ्यालाही चालते. अशी मदत घेतल्यानं तुझ्या मोठ्या प्रश्नाला धक्का लागत नाही.

घरचं एक सांगते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो घरी न सांगता. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, काय कोसळलं असेल? कित्येक वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या आणि दोघांनी मराठीला फार मोठं देणं दिलं, पण ती मधली वर्षं कुणी भरून देऊ शकलं नाही. तू आईला अंधारात ठेवू नकोस. रविवारी कुठं जातोस, तिथं काय म्हणतात, भावाचं नाव कसं घेतलं, सगळं सांग. जमलं तर एकदा सोबत ने. आणि तिला हेही सांग की त्याच टिळकांच्या घरी नगरला आपल्या धरणगावचे बालकवी घरच्यासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. उपासनेला जाणं आणि बाप्तिस्मा घेणं यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर तू किती वेळात चालायचं किंवा चालायचंच नाही, हे ठरवण्याचा हक्क फक्त तुझा. भावाचं वर्षश्राद्ध होईपर्यंत बाप्तिस्म्याची तारीख धरू नकोस. कधीच जाणार नाही अशी शपथही मित्राच्या समाधानासाठी घेऊ नकोस.

बाप्तिस्म्याचा विषय निघण्याआधी पाळकांना एक प्रश्न विचार, आडवळणानं नाही, सरळ: माझा भाऊ ख्रिस्ती नव्हता, त्याचं काय? त्याचं नाव घेऊन तुम्ही प्रार्थना केली, मग तो कुठे आहे असं तुम्ही मानता?

आमच्यात यावर एकमत नाही हे तुला आधीच माहीत असावं. कॅथलिक चर्चनं 1964 मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेत लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आपल्याकडच्या कित्येक मंडळ्यांत मात्र याच्या उलट शिकवतात, आणि ते शिकवणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांनी शास्त्र तसं वाचलेलं असतं. मी अब्राहामाच्या बाजूला उभी आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, तो देवालाच विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्यायानं वागणार नाही का? केळीला पाणी देता देता गेलेल्या 24 वर्षांच्या पोराला, त्याला कधी कुणी नीट न सांगितलेल्या गोष्टीबद्दल, तो न्यायाधीश शिक्षा करील असं मी मानत नाही. तो नरकात आहे असं कुणी तुला छातीठोक सांगितलं, तर त्या माणसाला ते माहीत असण्याचा कोणताही मार्ग नाही, हे त्याला सांग आणि तिथून ऊठ. पुढच्या रविवारी दुसऱ्या मंडळीत जा, किंवा घरी आईपाशी थांब.

पाळक काय म्हणाले ते मला लिही. छापायला नको असेल तर पत्राच्या वरच तसं लिही, ते माझ्यापाशीच राहील.

तुझी,
ताई